उपवासकाळातली तपासणी

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या आमच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, आला की माझं डोकं दुखायला लागतं. भक्तीने नव्हे, चहाने. दर वर्षी उपवासकाळात मी चहा सोडतो आणि दर वर्षी पहिला आठवडा घरात कुणी माझ्या वाटेला जात नाही. मार्था, म्हणजे माझी बायको, लग्नानंतरच्या पहिल्याच उपवासकाळात म्हणाली होती, "चहा तुम्ही सोडता आणि प्रायश्चित्त आम्हाला घडतं." तेव्हा मी हसलो होतो. बायको विनोदी आहे, असं मी शिकवायचो त्या शाळेत सगळ्यांना कौतुकाने सांगितलंही होतं. ती विनोद करत नव्हती हे समजायला माझं उभं आयुष्य गेलं.

आमच्या वसईत हा काळ कॅलेंडर न बघताही कळतो. वाडीतला आंबा मोहोरलेला असतो आणि त्याचा तो गोड, थोडा उग्र वास सकाळी उशापर्यंत येतो. दुपारी वारा फिरला की अर्नाळ्याकडून सुक्या बोंबलांचा वास येतो. मोहोर आणि बोंबील एका श्वासात घ्यायचे असतील तर माणसाने आमच्याच गावात जन्माला यावं. बावखल, म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं जुनं तळं, हळूहळू खाली जायला लागतं आणि काठावरचा चिखल तडकतो. कुणाच्या तरी अंगणात सोललेली केळी सुकेळ्यांसाठी वाळत असतात आणि त्यांच्यावर राखणीला बसलेली म्हातारी कावळ्यांना आणि मुलांना एकच शिवी देते. लग्नं बंद, बँड बंद, सगळी आळी कशी आवाज खाली करून बोलते. त्यात नेमकी दहावीची परीक्षा. येशूचे हाल आणि बीजगणित, दोन्ही आमच्या पोरांच्या वाट्याला एकदमच येतात.

मी चहाबरोबर मासळीही सोडतो. अर्नाळ्याची मंदाबाई पाटी घेऊन आळीत येते ती दारात थांबून हमखास टोमणा मारते. यंदाही मारला. "काय मास्तर, मावरं तुमी सोडलं का बायकोनं सोडवलं? तुमचा देव पावंल, पन आमची पाटी रिकामी कोन करंल?" मी तिला म्हटलं, ईस्टरला दुप्पट घेईन. ती म्हणाली, "तवा भाव पन दुप्पट होईल, आदीच सांगून ठेवते." आणि मार्थाकडे बघून हसत पाणी मागून प्यायली.

अशा सगळ्या हसण्याखिदळण्यात हा काळ दर वर्षी येतो, आणि दर वर्षी मला रिनाच्या दहावीचा उपवासकाळ आठवतो. रिना आमची एकुलती एक मुलगी. यंदा तो उपवासकाळ नुसता आठवला नाही, छातीवर येऊन बसला.

त्या वर्षी एका रविवारी फादरांनी फार सुंदर प्रवचन केलं. म्हणाले, उपवास नुसता पोटाचा नको. रोज संध्याकाळी पाच मिनिटं शांत बसा आणि स्वतःला विचारा, आज माझं काय चुकलं? मी पुढच्याच बाकावर होतो. मास्तर माणूस मी, लाल पेनाने जन्म काढलेला. "काय चुकलं" या प्रश्नाइतकं गोड मला दुसरं काय लागणार! मी भारावूनच घरी आलो. फादरांच्या वाक्यातला "स्वतःला" हा शब्द मात्र देवळाचा दरवाजा आणि माझी सायकल यांच्यामध्ये कुठेतरी गळून पडला असावा.

त्याच संध्याकाळी रोझरी, म्हणजे आमची जपमाळेची प्रार्थना, संपल्यावर मी जाहीर केलं की आजपासून आपल्या घरी रोज तपासणी. अल्तारापुढची, आमच्या देव्हाऱ्यापुढची, मेणबत्ती विझवायची नाही. एकेकाने आपलं आज काय चुकलं ते सांगायचं आणि मगच जेवायला उठायचं. मार्थाने माझ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं आणि पदर सावरून बसली. रिना मात्र खूश झाली होती. दिवसभर पुस्तकात डोकं घालून कंटाळलेली पोर, तिला वाटलं असेल की निदान दिवसातून एकदा पप्पा काहीतरी विचारतील.

आमच्या घरात प्रार्थनेची सुरुवात लहानापासून करायची पद्धत होती. माझ्या वडिलांच्या वेळेपासूनची. रोझरीतली पहिली दहाई, माळेतले पहिले दहा मणी, सगळ्यात लहानाने म्हणायची आणि शेवटची घरातल्या कर्त्याने. तपासणीलाही आपसूक तोच क्रम लागला. आधी रिना, मग मार्था, मग मी.

पहिले काही दिवस रिनाने खरं खरं सांगितलं. आईला उलट बोलले. अलार्म बंद करून परत झोपले. मैत्रिणीची वही मुद्दाम उशिरा दिली. सांगताना तिचे कान लाल व्हायचे. मी प्रत्येक चुकीवर छोटंसं व्याख्यान द्यायचो. उलट बोलण्याचं मूळ अहंकारात कसं असतं, वगैरे. पोर मान खाली घालून ऐकायची. मार्था हुशार. तिने पहिल्याच दिवशी एक पाप निवडलं, "मी आज चिडले", आणि तेवढ्यावर ईस्टर गाठला. तिला मी व्याख्यान देत नव्हतो, कारण कुणावर चिडलीस असं विचारण्याची माझी छाती नव्हती.

मग यायची माझी पाळी. त्या वेळेपर्यंत मेणबत्ती अर्ध्यावर आलेली असायची. मी घसा खाकरायचो. तेवढ्यात मार्था म्हणायची, "भात निवतोय." आणि मी हात वर करून दोघींना आशीर्वाद द्यायचो आणि उठायचो. सबंध उपवासकाळात माझं काय चुकलं हे मी एकदाही सांगितलं नाही. लबाडी केली असं नाही. खरं सांगतो, ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. आपण तपासणी घेतली म्हणजे आपली झालीच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मास्तर कधी परीक्षेला बसतो का?

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार जवळ आला होता. एका संध्याकाळी रिना म्हणाली, "पप्पा, आज मी शेजारच्या इनासकाकांच्या वाडीतले जांब चोरून खाल्ले."

मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. आतापर्यंतची सगळी पापं कशी किरकोळ होती, ह्याच्यात जरा दम होता. चोरी! दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला घेऊन मी इनासकाकांकडे निघालो. माफी मागायला लावली की पोरगी जन्मभर लक्षात ठेवेल, असा माझा हिशोब. ती वाटेत दोनदा म्हणाली, "पप्पा, राहू द्या ना." मी म्हटलं, "पाप करताना लाज वाटली नाही, आता वाटते?"

इनासकाका पाटाचं पाणी केळीकडे वळवत होते. कमरेला पंचा, पाय चिखलात. मी रिनाला पुढे ढकललं. तिने माफी मागितली. काका फावडं टेकून उभे राहिले आणि माझ्याकडे असे बघायला लागले की मास्तरांना ऊन लागलं की काय.

"जांब? आरं, यंदा झाडाला एक जांब धरला नाय. बहर सगला गलून गेला. कोन चोरील न काय चोरील?" मग रिनाकडे बघून म्हणाले, "बाय, तुला खावाचे होते काय? तर पुढल्या साली ये, टोपली भरून देतो."

परतताना बावखलाच्या काठी मी तिला थांबवलं. का खोटं बोललीस? तिने पायाने काठावरच्या चिखलाची एक खपली सुटी केली. मग म्हणाली, "रोज काहीतरी सांगावं लागतं ना, पप्पा. काल माझ्याकडे काहीच नव्हतं. दिवसभर भूगोल वाचत होते. दुसरं काही झालंच नाही."

ह्या वाक्यावर बाप म्हणून कुणीही पोरीला जवळ घेतलं असतं. मी काय केलं असेल? मी म्हणालो, "काहीच नव्हतं? संत झालीस का तू? आणि अल्तारापुढे खोटं बोलतेस?" आणि शिक्षा दिली. झावळ्यांच्या रविवारासाठी आळीतल्या सगळ्या मुली एकत्र बसून झावळ्यांचे क्रूस विणायच्या, तिथे तिला जाऊ दिलं नाही. ती रडली नाही. मुली विणत बसल्या होत्या त्या ओट्यावरचं हसणं आमच्या घरात ऐकू येत होतं, आणि ही भिंतीकडे तोंड करून वाचत होती. टेबल भिंतीकडे मीच वळवलेलं, खिडकीतून लक्ष जातं म्हणून. शेजारच्या झाडाला यंदा फळ नाही एवढंही त्या पोरीला ठाऊक नव्हतं, कारण सगळा मोसम तिने भिंत पाहिली होती. हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं. मी गाढव, मला आता सुचतं.

त्यानंतर रिनाची तपासणी उत्तम व्हायला लागली. रोज एक पाप, फार मोठं नाही, फार लहान नाही, पटेल असं. कान लाल होत नसत, आवाज हलत नसे. मी मार्थाला म्हणालो, "बघ, वळण लागलं की नाही?" मार्थाने पातेल्यावरचं झाकण जरा जोरात ठेवलं. माझी पोर माझ्यासमोर बसून माझ्यापासून लांब चालली होती आणि मी तिला शाबासकी देत होतो. आज हे लिहितानाही जीव तुटतो.

दहावीला तिला चांगले गुण मिळाले. पुढे कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं रीतसर. लग्नानंतर ती विरारला राहायला गेली. नव्या मोठ्या इमारतींपैकी एकीत तिचा फ्लॅट आहे. कसं चाललंय विचारलं की उत्तर ठरलेलं, "सगळं छान आहे, पप्पा." निवृत्त होईपर्यंत मी स्टाफरूममध्ये छाती काढून सांगायचो, की आमच्या मुलीने आम्हाला कधी कसला प्रश्न आणला नाही. एक जुने सहकारी एकदा म्हणाले होते, "नशीबवान आहात, की तुम्हाला सांगत नाही?" मला त्यांचा राग आला होता.

यंदा राखेच्या बुधवारी संध्याकाळी मी फादरांनी कपाळावर काढलेला राखेचा क्रूस घेऊन देवळातून घरी आलो. चहा नाही, डोकं ठणकत होतं. रिना विरारहून येईल, आमच्याबरोबर देवळात येईल असं वाटलं होतं. आली नाही. दोन वर्षं झाली, ह्या दिवशी ती फिरकतच नाही. माझं तोंड सुटलं. शहरात राहायला गेली आणि धर्म विसरली, आईबाप विसरली, आत्ताच्या आत्ता फोन लावतो आणि विचारतो. फोन हातात घेतलाच होता. मार्था स्वयंपाकघरातून आली आणि माझ्या हातातून तो काढून घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्या हातातून काही काढून घेतल्याचं मला आठवत नाही.

"दोन वर्षांपूर्वी ह्याच दिवशी तिचं बाळ गेलं," ती म्हणाली. "तिसरा महिना होता. ईस्टरला सगळ्यांना सांगणार होती."

मी खाली बसलो. दोन वर्षांपूर्वी राखेच्या बुधवारनंतर मार्था आठ दिवस विरारला राहून आली होती. रिनाला ताप आहे म्हणून. तापाला आठ दिवस कशाला लागतात म्हणून मी कुरकुरलो होतो. लोणच्याची बरणी कुठे ठेवलीस विचारायला एकदा मार्थाला फोन लावला होता, आणि फोन रिनाने उचलला होता. तिने सांगितलं, "फळीवर, पिठाच्या डब्यामागे, पप्पा." बरी आहेस का म्हटल्यावर म्हणाली, "हो, छान." आणि ह्याच्याही वरचढ म्हणजे गेल्या नाताळात, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, केकची बशी हातात घेऊन मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो होतो, "काय गं, आम्हाला आजी-आजोबा करणार की नाही?" सगळे हसले. तीही हसली. तिला असं हसायला मीच शिकवलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी मार्थाला विचारलं.

"तिनेच शपथ घातली होती." मार्थाने फोन बाजूला ठेवला. मग बोललीच. "म्हणाली, पप्पांना कळलं तर ते विचारतील, काय चुकलं."

कपाळावर राख होती, ती पुसायचंही भान राहिलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी रोझरी झाली की मी ओट्यावर एकटा बसतो. वय झाल्यावर सवय लावायची म्हणजे सोपं नाही हो. पहिल्या दिवशी स्वतःची तपासणी करायला बसलो आणि थोड्या वेळात मार्थाच्या, फादरांच्या आणि नगरपालिकेच्या चुका काढून उठलो. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या चुका आठवल्या, पण प्रत्येकीला कारण जोडलेलं होतं. माझे वडील कडक होते, काळच तसा होता, तिच्या भल्यासाठीच केलं. तपासणारा मीच आणि कॉपी करणाराही मीच. मग एक दिवस मन लावून स्वतःला दोष दिले, चांगले झोडपून काढले, आणि जेवायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मला बरं वाटतंय. हलकं वाटतंय. दोन घास जास्त गेले. तेव्हा मात्र स्वतःचा खरा तिटकारा आला. पोरीने दोन वर्षं ते सगळं एकटीने सोसलं आणि मी ओट्यावर वीस मिनिटं बसून मोकळा होतो की काय!

आता चुका मोजत नाही. नुसती तिला आठवतो. भिंतीकडे तोंड केलेली. कान लाल झालेली. फोनवर "पिठाच्या डब्यामागे" म्हणणारी. तो आवाज कसा होता, बारीक होता का, मध्ये थांबली होती का, हे आठवायचा प्रयत्न करतो. आठवत नाही. माझं सगळं लक्ष बरणीकडे होतं. बाप म्हणून माझं कुठे बिघडलं ते शोधायला बसलं की तिथेच येऊन थांबायला होतं. पोर बोलत होती आणि मला लोणचं हवं होतं. मार्था दिवा लावायला बाहेर येते, मला बघते आणि आत जाते. परवा तिने शेजारी बसून विचारलं, "काय आठवता एवढं?" मी म्हटलं, "आठवत नाही तेच आठवतो." ती म्हणाली, "बरं," आणि बसून राहिली. त्या दिवशी भात निवला तरी ती काही बोलली नाही.

गेल्या रविवारी रिना आली. एकटीच, जावई ड्युटीवर. मार्था आळीत कुणाच्या तरी आजारपणाला भेटायला गेलेली. रिना ओट्यावर बसून बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होती. मी समोर बसलो आणि मीही सोलायला लागलो. मला ते जमत नाही, दाणा साल सोडून भलतीकडेच उडतो. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही राहू द्या." मी राहू दिलं नाही.

मी म्हणालो, "रिना, बाळाचं मला कळलं."

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाठ मात्र ताठ झाली, वर्गात अचानक नाव घेतल्यावर मुलांची होते तशी. आणि भराभर, मी काही बोलायच्या आत, ती म्हणाली, "मी डॉक्टरांना विचारलं होतं, पप्पा. दोनदा विचारलं. माझं काही चुकलं नव्हतं."

तिशी ओलांडलेली माझी मुलगी. स्वतःचं घर चालवणारी, ऑफिसात दहा माणसांना कामं सांगणारी. आणि माझ्यासमोर तिने बाळ गेल्याचा जबाब दिला.

इतके दिवस संध्याकाळी बसून मी तिच्यासाठी माफीचे शब्द तयार करून ठेवले होते. चांगलं भाषणच होतं ते. त्यात "मी चुकलो" पुष्कळदा होतं. पण ते म्हटलं असतं तर तिला माझीच समजूत काढावी लागली असती, "जाऊ द्या पप्पा" म्हणावं लागलं असतं, आणि ती नक्की म्हणाली असती. माझ्या मनासारखं बोलण्यात तिचा हात कोण धरणार! मी ते भाषण गिळलं. आणि मग जे सुचलं ते विचारलं.

"नाव ठरवलं होतं का गं?"

तिने वर पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. ह्यात मेख कुठे आहे ते शोधत होती बिचारी. सापडली नाही तेव्हा तिचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि तिने ओला हात तसाच तोंडावर धरला.

"दोन ठरवली होती," ती म्हणाली. "मुलगी झाली तर एक. मुलगा झाला तर एक."

आणि तिने ती मला सांगितली.

ती नावं मी इथे लिहिणार नाही, तिने ती मला सांगितली आहेत. रोज संध्याकाळी ओट्यावर बसलो की मी ती हळू आवाजात घेतो. त्यातलं कोण येणार होतं ते कुणालाच माहीत नाही, म्हणून दोन्ही घेतो.